पाहण्यापासून करण्यापर्यंत : शालेय विज्ञान-प्रात्यक्षिकांच्या परंपरेचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

शाळेच्या सभागृहात विज्ञानाचे प्रयोग करून दाखविण्याचा कार्यक्रम आज आपल्याकडे सर्वपरिचित झाला आहे. २८ फेब्रुवारी हा दिवस १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होऊ लागल्यावर तर अशा कार्यक्रमांना वार्षिक उत्सवाचेच स्वरूप आले. बाटलीच्या तोंडातून आत जाणारे उकडलेले अंडे, उलट्या पेल्यातही न सांडणारे पाणी, रंग बदलणारी द्रावणे हे सारे पाहताना मुलांचे डोळे विस्फारतात, टाळ्या पडतात आणि कार्यक्रम यशस्वी झाल्याचे समाधान आयोजकांना मिळते. हे समाधान सर्वस्वी अनाठायी नसते. मात्र टाळ्यांनंतर काय उरते, हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा असूनही क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाला इतिहास आहे. विद्यार्थ्यांसमोर प्रयोग करून दाखविण्याची आधुनिक परंपरा सुमारे दोनशे वर्षांची असून तिच्या वाटचालीत 'पाहणे' आणि 'करणे' यांतील अंतर वारंवार जाणवलेले दिसते. प्रस्तुत निबंधात लंडन, कोलकाता, लाहोर, मुंबई, होशंगाबाद आणि पुणे येथील काही प्रातिनिधिक प्रयत्नांच्या आधारे या परंपरेचा मागोवा घेतला आहे. प्रात्यक्षिकाने जागविलेले कुतूहल शिक्षणात केव्हा परिणत होते आणि केव्हा विरून जाते, हे तपासणे हा या मांडणीचा हेतू आहे.

परंपरेचा आरंभ : रॉयल इन्स्टिट्यूशन

लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना १७९९ साली झाली. विज्ञानाचे सार्वजनिक व्याख्यान हे या संस्थेच्या कार्याचे प्रमुख अंग होते. १८२५ मध्ये तेथे नाताळच्या सुटीत बालश्रोत्यांसाठी व्याख्यानमाला सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९३९ ते १९४२ ही वर्षे वगळता ही माला अखंड चालू राहिली. १९६६ पासून तिचे दूरचित्रवाणीवरून नियमित प्रक्षेपण होऊ लागल्याने तिचा श्रोतृवर्ग सभागृहाबाहेर विस्तारला.

या परंपरेला खरा आकार दिला तो मायकेल फॅरडे (१७९१-१८६७) यांनी. लोहाराच्या घरी जन्मलेला, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा हा मुलगा १८१२ साली हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांना उपस्थित राहिला आणि पुढील वर्षी त्याच संस्थेत साहाय्यक म्हणून रुजू झाला. सार्वजनिक व्याख्यानाने एका होतकरू तरुणाचे आयुष्य कसे पालटू शकते, याचे फॅरडे हे स्वतःच उदाहरण होत. १८२७ ते १८६० या काळात त्यांनी नाताळच्या एकूण १९ व्याख्यानमाला गुंफल्या. त्यांपैकी मेणबत्तीच्या रासायनिक इतिहासावरील सहा व्याख्याने १८६१ साली विल्यम क्रुक्स यांच्या संपादनाने ग्रंथरूपात आली आणि विज्ञानप्रसाराच्या वाङ्मयात ती चिरस्थायी ठरली.

या व्याख्यानांची रचना अभ्यासण्याजोगी आहे. फॅरडे यांनी निवडलेली वस्तू प्रत्येक घरात असणारी होती. वितळलेले मेण वातीतून वर चढते ते केशाकर्षणाने. जळते ते मेण नव्हे, तर मेणाची वाफ. विझवलेल्या मेणबत्तीच्या धुरापाशी पेटती काडी नेली की ज्योत धुरामधून उडी घेऊन वातीपर्यंत पोहोचते. ज्वलनातून पाणी निर्माण होते, पाण्याच्या पृथक्करणातून हायड्रोजन व ऑक्सिजन मिळतात, आणि शेवटी मेणबत्तीचे जळणे व माणसाचे श्वसन यांत मूलभूत साम्य असल्याचे श्रोत्यांच्या लक्षात येते. प्रत्येक प्रयोग आधीच्या प्रयोगातून उद्भवलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि पुढचा प्रश्न उभा करतो. सुट्या चमत्कृतींची माळ आणि प्रश्नांची साखळी यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

तथापि या व्याख्यानांच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. ही व्याख्याने सशुल्क होती आणि श्रोते मुख्यतः सुस्थित वर्गातील होते. १८५५ च्या व्याख्यानास राजपुत्र अल्बर्ट आपल्या मुलांसह उपस्थित असल्याचे दर्शविणारे चित्र प्रसिद्ध आहे. उपकरणे मेजापलीकडे होती, मुले बाकांवर. केवळ व्याख्यानांवर विसंबून चालणार नाही याची जाणीव फॅरडे यांना असावी. १८६२ साली इंग्लंडमधील नामांकित शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी शालेय अभ्यासक्रमात विज्ञानाला स्थान मिळावे, असा आग्रह धरला. वर्षातून एकदा होणारे दर्शन वर्षभराच्या अध्यापनाची जागा घेऊ शकत नाही, हा त्या आग्रहाचा मथितार्थ होय.

कोलकाता आणि लाहोर : वासाहतिक भारतातील प्रयोगदर्शन

भारतात हा प्रवाह एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. बेल्जियन जेझुइट फादर यूजीन लाफों (१८३७-१९०८) १८६५ साली कोलकात्यास आले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी प्रयोगशाळा उभारली आणि सप्रयोग सार्वजनिक व्याख्यानांनी शहरातील शिक्षितांना आकृष्ट केले. जगदीशचंद्र बोस हे त्यांचे विद्यार्थी. डॉ. महेंद्रलाल सरकार (१८३३-१९०४) यांनी १८७६ मध्ये 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेची स्थापना केली, तेव्हा लाफों यांनी त्यांना मनःपूर्वक साहाय्य केले. सार्वजनिक व्याख्यानांसाठी उभारलेल्या याच संस्थेत पुढे १९०७ पासून चंद्रशेखर वेंकट रामन यांनी संशोधन आरंभिले. विज्ञान दिन ज्या शोधाच्या स्मरणार्थ पाळला जातो, तो शोध मुळात लोकांना विज्ञान दाखविण्यासाठी उभारलेल्या वास्तूत लागला, ही बाब अर्थपूर्ण आहे.

लाहोर येथील रुचिराम सहानी (१८६३-१९४८) यांचे कार्य आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मूलगामी ठरते. काही काळ वेधशाळा खात्यात काम केल्यानंतर ते लाहोरच्या शासकीय महाविद्यालयात अध्यापक झाले. प्रा. ओमन यांच्यासमवेत त्यांनी 'पंजाब सायन्स इन्स्टिट्यूट' चालविली आणि पंजाबातील गावोगावी शेकडो सप्रयोग व्याख्याने दिली. व्याख्यानांची भाषा सोपी पंजाबी होती. श्रोत्यांत दुकानदार आणि कारागीरही असत. साबण कसा तयार होतो, तारायंत्र कसे बोलते, धातूवर मुलामा कसा चढतो, खेळण्यांतून काय शिकता येते, असे त्यांचे विषय होते. विज्ञान ही परकीय भाषेतच सांगण्याची विद्या आहे, हा समज त्यांनी कृतीने खोडून काढला.

सहानी यांचे दुसरे कार्य तितकेच महत्त्वाचे, परंतु कमी स्मरले जाणारे आहे. शाळांना लागणारी उपकरणे त्या काळी विलायतेहून येत. ती महाग असत आणि मोडली की दुरुस्त होत नसत. सहानी यांनी कुशल कारागिराच्या साहाय्याने लाहोरमध्ये उपकरणे तयार करणारी कर्मशाळा सुरू केली आणि स्वस्त उपकरणे शाळांना उपलब्ध करून दिली. व्याख्यात्याच्या मेजावरील उपकरण शाळेच्या कपाटात पोहोचल्याखेरीज व्याख्यान पूर्ण होत नाही, ही दृष्टी यामागे होती. भारतीय परंपरेत 'दर्शना'कडून 'साधना'कडे टाकलेले हे पहिले लक्षणीय पाऊल म्हणावे लागेल.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

मराठी भाषकांच्या प्रदेशात विज्ञानप्रसाराची सुरुवात तुलनेने लवकर झाली. मुंबईत १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व अध्यापकांच्या पुढाकाराने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन झाली. तिच्या मराठी शाखेतून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक १८५० मध्ये निघाले. विसाव्या शतकात पुण्याहून १९२८ साली सुरू झालेले 'सृष्टिज्ञान' मासिक आणि १९६६ साली मुंबईत स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद यांनी ही परंपरा पुढे नेली. मात्र या प्रयत्नांचा, विशेषतः आरंभीच्या काळात, भर निबंध, लेख आणि व्याख्यान यांवर होता. मराठीत विज्ञान 'वाचण्याची' सोय आधी झाली, 'हाताळण्याची' सोय त्यामानाने उशिरा झाली, असे म्हटल्यास ते वस्तुस्थितीस सोडून होणार नाही.

संग्रहालय आणि फिरते प्रदर्शन

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाच्या आश्रयाने विज्ञान संग्रहालये उभी राहिली. कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय १९५९ मध्ये खुले झाले. तेथूनच १९६५ साली बसमध्ये बसविलेले फिरते विज्ञान प्रदर्शन ग्रामीण शाळांकडे निघाले. मुलांनी संग्रहालयाकडे येण्याऐवजी संग्रहालयाने मुलांकडे जावे, ही कल्पना साधी होती, परंतु तिने विज्ञानदर्शनाचा भूगोल बदलला. १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेची स्थापना झाली. मुंबईतील नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली पूर्ण स्वरूपात खुले झाले आणि नागपूरचे रामन विज्ञान केंद्र १९९२ मध्ये सुरू झाले.

या केंद्रांवर फ्रँक ओपेनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे १९६९ साली उभारलेल्या 'एक्सप्लोरेटोरियम'च्या विचाराची छाया दिसते. वस्तू काचेआड न ठेवता दर्शकाने ती हाताळावी, हे त्या विचाराचे सार. 'हात लावू नये' या पाटीची जागा 'हात लावून पाहा' या निमंत्रणाने घेतली, हा बदल लहान नव्हे. परंतु येथेही एक मर्यादा राहते. संग्रहालयातील प्रयोगाची मांडणी तज्ज्ञाने आधीच केलेली असते. मूल कळ दाबते वा चाक फिरवते, प्रश्न मात्र त्याचा नसतो. शिवाय सहलीतील दोन-तीन तासांत डझनावारी प्रयोग नजरेखालून जातात आणि त्यांपैकी एकावरही रेंगाळण्यास अवधी मिळत नाही.

होशंगाबादचा प्रयोग

'पाहणे' ते 'करणे' हे संक्रमण भारतात सर्वाधिक निष्ठेने घडविण्याचा प्रयत्न मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात झाला. १९७२ साली रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि डॉ. अनिल सद्गोपाल यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली किशोर भारती या दोन स्वयंसेवी संस्थांनी शासनाच्या अनुमतीने १६ माध्यमिक शाळांत हा कार्यक्रम आरंभिला. येथे माध्यमिक म्हणजे सहावी ते आठवी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ व पुढे दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक त्यात सहभागी झाले. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात लागू झाला. १९८२ साली स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने त्याची धुरा पुढे वाहिली आणि कालांतराने तो अनेक जिल्ह्यांतील सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचला.

या कार्यक्रमात विद्यार्थी चार-चारांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करीत. 'बाल वैज्ञानिक' या कार्यपुस्तिकांत प्रयोगाची कृती आणि प्रश्न असत, तयार उत्तरे व व्याख्या नसत. निरीक्षणे वहीत नोंदवायची, वर्गात चर्चा करायची आणि निष्कर्ष मुलांनीच काढायचा, अशी पद्धत होती. बियांचे अंकुरणे, मातीचे परीक्षण, पानांचे वर्गीकरण यांबरोबरच योगायोग व संभाव्यता यांसारखा अवघड मानला जाणारा विषयही नाणी-फाशांच्या आधारे हाताळला जाई. परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिक परीक्षा अनिवार्य होती. शिक्षकांसाठी उन्हाळी प्रशिक्षण व मासिक बैठका होत. या बैठकांत शिक्षक आपल्या अडचणी मांडत आणि पुस्तिकांत त्यानुसार दुरुस्त्या होत. मुलांच्या पत्रांना उत्तरे देण्यासाठी 'सवालीराम' नावाचे काल्पनिक पात्र निर्माण करण्यात आले. शेकडो मुलांनी त्याला आपले प्रश्न लिहून पाठविले.

पुण्याच्या टेल्को कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन या कार्यक्रमात दाखल झाले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या जोडून भूमितीच्या आकृती व त्रिमितीय सांगाडे उभारण्याची त्यांची पद्धत येथेच आकारास आली. पुढे पुण्याच्या 'आयुका' या खगोलविज्ञान संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत २००३ पासून सुमारे अकरा वर्षे त्यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान-खेळणी तयार करण्याचे कार्य केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान लाभला. याच आयुकात डॉ. जयंत नारळीकर यांच्या कारकीर्दीपासून शालेय विद्यार्थ्यांसाठी शनिवारची सप्रयोग व्याख्याने होत आली. मेजावरील प्रात्यक्षिक आणि हातातील खेळणे या दोन्ही परंपरा अशा रीतीने एकाच आवारात नांदल्या.

होशंगाबादच्या कार्यक्रमाचा शेवट मात्र चिंतनीय आहे. २००२ साली मध्य प्रदेश शासनाने तो बंद केला. राज्यभर एकच अभ्यासक्रम असावा आणि या विद्यार्थ्यांना पुढील मंडळ-परीक्षांत अडचण येते, असे युक्तिवाद त्यावेळी पुढे आले. देशातील अनेक शास्त्रज्ञ व शिक्षणतज्ज्ञांनी निषेध नोंदविला, तथापि निर्णय बदलला नाही. तीस वर्षे चाललेला कार्यक्रम एका प्रशासकीय निर्णयाने थांबू शकतो. विज्ञानमेळे आणि चमत्कृतिपूर्ण प्रात्यक्षिके मात्र कोणी बंद करीत नाही. या विरोधाभासाचे कारण उघड आहे. प्रात्यक्षिक शाळेच्या वेळापत्रकाला, पाठ्यपुस्तकाला आणि परीक्षेला धक्का लावीत नाही. मुलाने स्वतः प्रयोग करून स्वतः निष्कर्ष काढणे मात्र या तिन्हींना प्रश्न विचारते.

तरीही हा प्रयत्न निष्फळ ठरला असे म्हणता येत नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ साठी विज्ञान अध्यापनावरील अभ्यासगटाचे अध्यक्षपद मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे (स्थापना १९७४) प्रा. अरविंद कुमार यांच्याकडे होते. त्यानंतर आलेल्या उच्च प्राथमिक पाठ्यपुस्तकांत कृतीला जे स्थान मिळाले, त्यामागे होशंगाबादचा अनुभव होता.

प्रात्यक्षिक काय शिकविते? एक उदाहरण

वरील इतिहासातून निघणारा मुद्दा एका परिचित प्रयोगाने स्पष्ट करता येईल. ताटलीतील पाण्यात जळती मेणबत्ती उभी करून तिच्यावर काचेचा पेला पालथा घातला की मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढते. हवेतील एक पंचमांश ऑक्सिजन जळून गेला म्हणून पाणी तितके वर चढले, असे स्पष्टीकरण पिढ्यान् पिढ्या दिले गेले. ते सदोष आहे. ऑक्सिजन पूर्णपणे संपण्यापूर्वीच ज्योत विझते. शिवाय जो ऑक्सिजन खर्च होतो, त्याच्या जागी कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. पाणी चढण्याचे मुख्य कारण ज्योतीने तापून प्रसरण पावलेली हवा ज्योत विझल्यावर थंड होऊन आकुंचन पावते, हे होय. वाफेचे द्रवीभवन त्यात भर घालते.

हा प्रयोग मंचावरून एकदाच दाखविला तर चुकीचे स्पष्टीकरण सहज खपते, कारण ते ऐकण्यास नेटके वाटते. तोच प्रयोग मुलांच्या टोळ्यांनी केला तर दोन गोष्टी त्यांच्या लक्षात येण्याची शक्यता असते. पाणी मुख्यतः ज्योत विझल्यानंतर वेगाने चढते. आणि एकाऐवजी दोन-तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी अधिक चढते. ऑक्सिजन तेवढाच असताना पाणी अधिक का चढावे, हा प्रश्न मग मुलाचा स्वतःचा होतो. येथे शिक्षणाला आरंभ होतो.

या निरीक्षणास संशोधनाचाही आधार आहे. हार्वर्ड विद्यापीठातील एरिक मेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, प्रात्यक्षिक केवळ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचे आकलन ते न पाहणाऱ्यांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. काय घडेल याचे भाकीत आधी नोंदविणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आकलनात मात्र लक्षणीय वाढ दिसली. म्हणजे दोष प्रात्यक्षिकाचा नसून विद्यार्थ्याला प्रेक्षक म्हणून बसविण्याचा आहे. भाकीत करण्यासाठी दोन मिनिटांचा विराम पुरतो. त्यास ना निधी लागतो, ना उपकरण.

समारोप

दोनशे वर्षांच्या या वाटचालीतून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, प्रात्यक्षिकाचे मूल्य त्यातील चमत्कृतीवर नव्हे, तर प्रश्नांच्या क्रमावर अवलंबून असते. फॅरडे यांची मेणबत्ती हे त्याचे प्रमाण. दुसरा, मातृभाषा आणि स्वस्त साधन यांवाचून विज्ञान बहुजनांपर्यंत पोहोचत नाही, हे सहानी यांनी शतकापूर्वीच दाखवून दिले. तिसरा, विद्यार्थ्याच्या हातून घडणारा प्रयोग परीक्षापद्धतीशी जोडला गेला नाही, तर तो अल्पायुषी ठरतो, आणि जोडला गेला तरी त्यास प्रशासकीय संरक्षण लागते. होशंगाबादचा इतिहास ही दुसरी बाजूही दाखवितो.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या निष्कर्षांना व्यावहारिक अर्थ आहे. लाफों व सहानी हे दोघेही महाविद्यालयीन अध्यापकच होते, आणि होशंगाबादला बळ मिळाले तेही विद्यापीठीय प्राध्यापकांच्या सहभागामुळे. महाविद्यालयांच्या विज्ञान मंडळांनी परिसरातील शाळांत वर्षातून एकदा प्रयोग दाखवून परतण्याऐवजी एखाद्या शाळेशी वर्षभराचे नाते जोडले, शिक्षकांसमवेत दरमहा बसले, कार्यक्रमानंतर उपकरणे शाळेतच ठेवली आणि प्रत्येक प्रयोगापूर्वी मुलांना भाकीत लिहावयास लावले, तर सभागृहातील कुतूहल वर्गात टिकण्याची शक्यता वाढेल. टाळ्या मिळविणे हे प्रात्यक्षिकाचे पहिले यश होय. घरी गेल्यावर मुलाने ताटलीत पाणी घेऊन दुसरी मेणबत्ती लावून पाहिली, तर ते त्याचे खरे यश म्हणता येईल.